कामरानचा मुक्काम

हजला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला आमच्याकडे सारा गाव लोटतो. गळाभेटी होतात, हार पडतात, ‘आमच्यासाठी दुवा करा’ अशी विनवणी होते. या गर्दीतही हाजीसाहेबांचा एक हात खांद्यावरच्या पिशवीवरून हलत नाही. त्या पिशवीत पासपोर्ट असतो, व्हिसाचा कागद असतो, लस टोचल्याचा दाखला असतो. एहरामची चादर कुणाकडून मागून घेता येईल. हे कागद मागून मिळत नाहीत.

हे कागद आले कुठून? हज तर चौदाशे वर्षांचा, आणि कागदांची ही पिशवी जेमतेम दीडशे वर्षांची. तिचा शोध घेऊ लागलो तेव्हा आपल्या गरीब आजोबा-पणजोबांची हकीकतच आमच्या हाती लागली.

आगबोटी आल्या आणि हजची वाट सोपी झाली. शिडाच्या जहाजातला महिनोन् महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला आणि आयुष्यभर पै पै साठवणारा विणकर, शेतकरी, खलाशी मुंबई बंदरात येऊन उभा राहिला. याच बोटींतून पटकीही जाऊ लागली. १८६५ च्या हजमध्ये पटकीने अंदाजे १५,००० यात्रेकरू दगावले. परतणाऱ्यांबरोबर ती साथ सुएझला, इजिप्तला आणि तिथून युरोपच्या बंदरांत पोहोचली. युरोप हादरला. १८६६ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हाजीकडे रोग वाहून आणणारा माणूस म्हणून पाहिले जाऊ लागले.

१८८२ मध्ये तुर्की सरकारने तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर करंतीन सुरू केली. मुंबईहून निघालेली बोट जिद्देच्या आधी इथे थांबे. यात्रेकरूंना उतरवत, त्यांचे कपडे आणि बिछाने वाफेच्या यंत्रात घालत, अंगावर औषधाचे पाणी घेऊन आंघोळ करायला लावत. परिस्थितीप्रमाणे पाच-दहा दिवस, आणि बोटीवर रोगी सापडला तर त्याहून जास्त, त्या उघड्या उन्हाच्या बेटावर काढावे लागत. वर या मुक्कामाची फी यात्रेकरूकडूनच वसूल होई. पडदानशीन बायांना परक्या जागी, परक्या माणसांच्या हुकमाने अंगावरचे कपडे काढून द्यावे लागत. त्यांच्यावर काय गुजरली असेल, याची नोंद सरकारी अहवालांत शोधूनही फारशी सापडत नाही.

इंग्रज सरकारची भूमिका दुटप्पी होती. व्यापाराला अडथळा नको म्हणून ते करंतीनच्या कडक नियमांना विरोध करी. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन असल्यामुळे गरिबाला हजपासून रोखायलाही ते कचरत असे. दुसरीकडे यात्रेकरूंत बंडखोर मिसळतील ही भीती होती. १८८६ मध्ये यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीला दिले गेले. ते १८९३ पर्यंत कसेबसे चालले. १८९५ च्या कायद्याने हजच्या बोटींवर जागा, पाणी आणि डॉक्टर यांविषयी बंधने घातली.

या इतिहासात एक नाव आम्हांला विसरता येत नाही. डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदी मुसलमान डॉक्टर जिद्देत इंग्रजांचे उपवकील होते आणि यात्रेकरूंच्या आरोग्याची देखरेख करीत. मे १८९५ मध्ये जिद्देच्या वेशीबाहेर बदू हल्लेखोरांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. त्याच दिवसांत जमावाने निर्जंतुकीकरणाची यंत्रेही फोडली. परक्यांची यंत्रे, परक्यांची फी आणि परक्यांचा हुकूम यांचा राग हाजींच्या सेवेत असलेल्या आपल्याच माणसावर निघाला.

पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि मुंबईहून हजला जाण्यास बंदी आली. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. लस आली आणि तिच्याबरोबर अफवाही आल्या.

इथे आम्हांला हजरत उमर (रजि.) आठवतात. हिजरी १८ मध्ये शामकडे जाताना सर्ग येथे त्यांना पुढे ताऊन असल्याची खबर मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले तेव्हा एका तकदीरीतून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. साथीच्या मुलुखात जाऊ नये आणि तिथून पळूही नये, ही हुजूर (सल्ल.) यांची शिकवण त्या वेळी पुढे आली. मग सुईला धर्माविरुद्ध ठरवणारे कशाच्या आधारावर बोलत होते?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. कुराणात हजसाठी ‘इस्तिताअत’ची, म्हणजे ऐपतीची अट आहे. ती आहे की नाही हे बंदा स्वतः ठरवी. १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा अनामत रक्कम सक्तीची करून ते काम कारकुनाकडे दिले. परमुलुखात अडकून पडणाऱ्या कंगाल हाजींचे हाल पाहता हे चूकच होते, असे आम्हांला म्हणवत नाही. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. १९९५ नंतर मुंबईहून बोट बंद झाली. भारतीय हाजींचा खास पिलग्रिम पासही गेला आणि २००९ पासून सर्वांनाच आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू लागला.

लसी मात्र बदलत राहिल्या. देवी जगातून गेली. १९८७ मध्ये हजनंतर मेंदूज्वर पसरला आणि त्याची लस सक्तीची झाली. २००० च्या हजमध्ये त्याच रोगाचा दुसरा प्रकार उद्भवला, तेव्हा चारही प्रकारांवर चालणारी लस आली. २०२० मध्ये कोरोनामुळे सौदीत राहणाऱ्या सुमारे हजार लोकांनीच हज केला. २०२२ मध्ये बाहेरच्यांना परवानगी मिळाली ती लस घेतलेल्या, पासष्ट वर्षांखालील लोकांना. पिशवी तयार करून बसलेल्या आमच्या किती वडीलधाऱ्यांचे डोळे त्या वर्षांत पाणावले असतील!

कामरानचा धडा आम्हांला दुहेरी वाटतो. रोग खरा होता, म्हणून तपासणी हवीच होती. यात्रेकरूही माणूसच होता, म्हणून त्याची अब्रूही राखायला हवी होती. पहिली गोष्ट आपण आपल्या लोकांना समजावली पाहिजे, दुसरी सरकारांकडून मागून घेतली पाहिजे. आजही वस्तीतल्या अनेक वृद्धा अर्जात काय लिहिले आहे हे न कळता त्यावर अंगठा उठवतात. लस कशाची, दाखला कशासाठी, हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगायला आपल्यातले शिकलेले लोक शिबिराच्या दिवशी तासभर बसले, तरी पुष्कळ होईल.