पुठ्ठ्यावरचे चेहरे

बेसबॉल आपला खेळ नाही. तरी त्याच्या जुन्या कार्डांचा इतिहास मी नववीच्या वर्गात आवर्जून सांगते, कारण कोणाचे चित्र छापले जाते आणि कोणाचे नाही, हे त्यातून चटकन कळते.

१९०९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची छोटी रंगीत कार्डे घालायला सुरुवात केली. पाकीट चेपत नसे आणि गिऱ्हाईकही परत येई. पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरने मात्र आपले चित्र द्यायला नकार दिला आणि छपाई थांबली. मुलांनी त्यासाठी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून, असे सांगतात. पैशावरून बिनसले, असेही म्हणतात; स्वतः वॅग्नर तंबाखू चघळायचाच! त्याची जेमतेम साठेक कार्डे उरली. २०२२ मध्ये त्यातले एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेले.

दुर्मिळतेला किंमत येते, हे खरेच. टॉप्स कंपनीचे साय बर्गर सांगत, की १९५२ ची न खपलेली कार्डे त्यांनी पुढे समुद्रात बुडवली. त्याच वर्षीचे मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ मध्येच सव्वा कोटी डॉलरच्या वर विकले गेले.

पण माझे मन अडते ते दुसरीकडे. वॅग्नरच्या त्या संचात पाचशेहून जास्त कार्डे आहेत. एकट्या टाय कॉबची चार. कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूचे एकही नाही. मोठ्या लीगची दारेच त्यांना बंद होती; १९२० पासून ते आपल्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत. तिथला जॉश गिब्सन, तोही पिट्सबर्गचाच, चेंडू मैदानाबाहेर टोलवण्यासाठी प्रसिद्ध होता. जानेवारी १९४७ मध्ये तो पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि ती बंदी मोडली.

२०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले. फलंदाजीच्या सरासरीत गिब्सनने कॉबला मागे टाकले. .३६७ विरुद्ध .३७२. नोंद झाली, पण चित्र कुठून आणायचे? तो खेळत होता तेव्हा अमेरिकेतल्या एकाही मोठ्या कंपनीने त्याचे कार्ड काढले नव्हते. निघाले ते पोर्तो रिकोत, त्याच्या मृत्यूनंतर तीनचार वर्षांनी. संग्राहक आज तेच शोधत असतात.