दोष फुगलेल्या आतड्यात नव्हता

युनानी वैद्यकात पोटाच्या एका दुखण्याला 'कुलंज' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, मोठ्या आतड्याच्या नावावरून आलेला. इंग्रजीतला 'कॉलिक' त्याचाच भाऊ. इब्न सिनाने या एका दुखण्यावर वेगळा ग्रंथ लिहिला, आणि १०३७ मध्ये हमदानला त्याचा अंत झाला तोही याच दुखण्याने. लवकर बरं व्हावं म्हणून त्याने एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतला, असं त्याचा शिष्य जुझजानी सांगतो. त्याच्या शंभरेक वर्षं आधी राझीने मुलांच्या आजारांवर छोटी पुस्तिका लिहिली होती. ती लॅटिन भाषांतरातून युरोपात पोचली.

ही नावं आपण अभिमानाने घेतो, घ्यावीतही. पण काही बाळांचं पोट जन्मल्यापासून का फुगतं आणि त्यांना शी का होत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं, तेच अन्न पुढे ढकलतं, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला. मायस्नर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी ते जाळं एकोणिसाव्या शतकात दाखवलं.

१८८६ मध्ये कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकीकत मांडली. दोघांनाही जन्मापासून बद्धकोष्ठ, दोघंही दगावलेली, आणि मोठं आतडं प्रचंड फुगलेलं. आजाराला त्यांचं नाव मिळालं. पण त्यांची नजर फुगलेल्या भागावर खिळली आणि पुढची साठ वर्षं वैद्यकाची नजरही तिथेच राहिली. शल्यविशारद फुगलेला भाग कापत, मूल काही दिवस बरं वाटे आणि पुन्हा तेच सुरू होई. शेवटच्या टोकात मज्जापेशीच नाहीत, असं १९०१ मध्ये टिटेल यांनी आणि १९२० मध्ये डाला वाले यांनी लिहिलंही होतं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत बोचतो: उत्तर छापून पडलं होतं आणि मुलं मरत होती.

१९४७ साली नागपूरचं मेडिकल सुरू झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, बोस्टनला, ऑर्वर स्वेन्सन यांनी गाठ सोडवली. पोटावर शीसाठी वाट काढून दिली की ही मुलं सुधारत, आणि ती वाट बंद केली की पुन्हा आजारी पडत. म्हणजे अडथळा त्या वाटेच्या खाली होता. स्वेन्सन यांनी आतड्यात फुगे सोडून दाब मोजला, तेव्हा वरच्या आतड्यात लाटा होत्या आणि खालच्या टोकात नव्हत्या. वरचं आतडं फुगलं होतं ते बंद दारावर धक्के मारून मारून. बाहेरून साधं, सडपातळ दिसणारं टोकच आजारी होतं. त्यांनी ते काढलं आणि वरचं चांगलं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं. आजच्या शस्त्रक्रिया याच कल्पनेच्या लेकी आहेत.

कारणही आता माहीत आहे. गर्भात या मज्जापेशी आतड्यात वरून खाली प्रवास करतात. काही बाळांत तो अर्ध्यात थांबतो आणि टोक कोरं राहतं. साधारण पाच हजार जन्मांत एक बाळ असं असतं, मुली कमी, मुलगे जास्त. निदानाला बेरियमचा एक्स-रे आणि गुदाशयाचा छोटा तुकडा तपासणं लागतं. (शाळकरी मुलांचं बद्धकोष्ठ बहुतेक वेळा हे नसतं, घाबरून जाऊ नये.)

आपल्या घरांत मात्र उपचार बाहेरूनच सुरू होतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून, साबणाची वडी. मला नानीच्या हिंगाची थट्टा करायची नाही, तो निरुपद्रवी आहे. पण देठाने या आजारात एकदम वारा आणि शी सुटते, पोट उतरतं, घर खूश होतं आणि आठवडा वाया जातो. तेवढ्यात आतड्याला सूज येऊन जंतू रक्तात गेले, तर बाळ हातचं जातं.

नागपूरहून मेळघाट फार दूर नाही. तिथे पोटफुगीला 'फोपसा' म्हणतात आणि बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला 'डम्मा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बावीस दिवसांच्या बाळाला पासष्ट चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा शहरातल्या लोकांनी 'आदिवासी अंधश्रद्धा' म्हणून हात झटकले. अंदलुसच्या अल-झहरावीच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथाचा पहिला भाग संपूर्ण डागण्यावरच आहे, आणि तो त्या काळचा सर्वोत्तम शल्यविशारद होता. डागणं कोण्या एका जमातीची मक्तेदारी नाही. दवाखाना लांब असला आणि बाळ रडत असलं की हाताशी जे असेल तेच औषध होतं.

निरोगी, पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिली काळी, चिकट शी चोवीस तासांच्या आत होते. अठ्ठेचाळीस तास उलटले, पोट ताणलेलं असलं, उलटी हिरवी असली, तर घुट्टी-बिट्टी बाजूला ठेवून मेडिकल किंवा मेयो गाठावं. तिथे डॉक्टर सहसा पहिल्याच काही प्रश्नांत विचारतात, "पहिली शी किती तासांनी झाली?" बाप आईकडे बघतो, आई नानीकडे. नानीला बहुधा तास सांगता येतो.