वेखंडाच्या नावाचं फूल



बाळबाळंतिणीच्या घरात वेखंड असतंच. हेच वेखंड जपानात ‘शोबू’ या नावानं ओळखतात. ५ मेच्या सणाला त्याची पानं अंघोळीच्या पाण्यात घालतात, रोगराई दूर राहावी म्हणून. तिथल्या ओलसर कुरणांत तशाच तलवारीसारख्या पानांचं, पण जांभळ्या फुलांचं आणखी एक झाड उगवतं. ते आयरिसच्या कुळातलं. वेखंडाशी त्याचं नातं नाही. तरी पानांच्या सारखेपणामुळं त्याला नाव पडलं ‘हानाशोबू’, म्हणजे फुलांचं शोबू.

या रानफुलाला बागेत मान मिळवून दिला मात्सुदाइरा सादातोमो यांनी. ते १७७३ साली जन्मले. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, शोगुनचे सरदार. सुमारे साठ वर्षं त्यांनी बिया पेरल्या, निवडक रोपं ठेवली आणि शंभराहून अधिक जाती तयार केल्या. लागवडीवर पुस्तकही लिहिलं. ते ‘शोओ’, म्हणजे शोबूवाले आजोबा, या नावानं ओळखले जातात.

एदोजवळच्या होरिकिरी गावच्या पाणथळ जमिनीत शेतकऱ्यांनी ही फुलं लावली. जूनच्या पावसात ती पाहायला शहर लोटायचं. हिरोशिगे या चित्रकारानं १८५७ मध्ये होरिकिरीच्या फुलांचं चित्र काढलं.

दक्षिणेकडच्या कुमामोतोचे अधिपती होसोकावा यांनाही शोओंकडून रोपं मिळाली, पण ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत या अटीवर. कुमामोतोकरांनी वचन पाळलं. कुंडीत वाढवून घरात बसून पाहायची मोठी, देखणी फुलं त्यांनी घडवली आणि पिढ्यानपिढ्या आपल्या मंडळातच ठेवली. विसाव्या शतकात एका सभासदाकडून ती बाहेर गेली, तेव्हा मंडळींना फार लागलं.

वचन मोडलं, हे खरंच. पण या झाडाची एक गोष्ट लक्षात घ्या. बी पेरलं तर हुबेहूब आईसारखं रोप येत नाही. जात टिकवायची तर फुलं सरल्यावर दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटायचा, फोडायचा आणि ताज्या मातीत लावायचा. माती थोडी आंबट हवी, चुना चालत नाही. वाढीच्या दिवसांत ओल हवी. मात्र बारा महिने पाण्यात उभं राहणं त्याला सोसत नाही. जपानी बागांत पाणी साठलेलं दिसतं, ते बहुधा बहराच्या दिवसांपुरतं सोडलेलं असतं.

ही फोडणी थांबली की जात संपते, मग तिचं नाव पुस्तकात असो वा नसो. शोओंच्या जातींपैकी आज थोड्याच उरल्यात. दुसऱ्या महायुद्धात होरिकिरीची बाग बंद झाली, तिथं भात पिकवला. पोटापुढं फुलाचं काय चालणार? पुढं ती बाग पुन्हा उभी राहिली आणि १९६० मध्ये तोक्यो सरकारनं ती सर्वांसाठी खुली केली. कुठंतरी कुणीतरी गड्डे राखले होते, म्हणूनच जुन्या जाती आज पाहायला मिळतात.

हानाशोबूला हिवाळ्यात थंडी लागते, त्यामुळं आपल्या उष्ण अंगणात ते रुजणं कठीण. पण मोरीच्या पाण्यावर वाढणारा आपला सोनटक्का असाच गड्ड्यानं वाढतो. यंदा पावसाच्या तोंडाशी त्याचा गड्डा फोडाल, तेव्हा एक तुकडा शेजारणीला द्या. आपला वाळला, तर तिच्याकडून परत आणता येईल.