कीचक म्हणजे कोण?

इंग्लंडमधले वकील अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत एक लॅटिन शब्द शतकानुशतके लिहीत आले: 'इन्युएन्डो'. मुळात हे मान हलवून खुणावण्याचे क्रियापद. 'तो (इन्युएन्डो: फिर्यादी) चोर आहे', एवढा खुलासा करण्यापुरता त्याचा उपयोग. आडून सुचवलेले, बहुधा खवचट बोलणे हा आजचा अर्थ त्यातूनच निघाला. मात्र कायद्याने या कंसाला वेसण घातली होती. खुलाशाने मूळ शब्दांना नवा अर्थ चिकटवता येत नसे; ऐकणाऱ्याला तो अर्थ कळावा अशी बाहेरची वस्तुस्थिती दाखवावी लागे.

हीच कसोटी 'कीचकवधा'ला लावून पाहू. 'केसरी'तले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी निघालेल्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 'इंडियन अनरेस्ट'मध्ये नाटकाची फोड आहे: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. गंमत अशी, की कर्झनचे नाव नाटकात कुठेच येत नाही, हेही तिथेच नमूद आहे. साक्षीदार सरकारच्या बाजूचा, पण बचावाचा मुद्दा त्यानेच लिहून ठेवला!

आता विराटपर्व उघडू. भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, कंक झालेला युधिष्ठिर तिला सबुरीने घ्यायला सांगतो, आणि ती रात्री बल्लवाकडे, म्हणजे भीमाकडे जाते. मवाळ-जहाल ही जोडी खाडिलकरांना घडवावी लागली नाही. महाभारतात ती आयतीच होती. तेव्हा पात्रांच्या जुळणीवरून हेतू सिद्ध होत नाही. उरते कथेची निवड आणि तिची वेळ. बंगालची फाळणी ऑक्टोबर १९०५ मधली; मवाळ-जहालांचे वितुष्ट १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये सर्वांना दिसले होते. बाहेरची वस्तुस्थिती म्हणून मला एवढे पुरते. हेतू होता असे मी मानतो. पण हे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

न्यायालयात ते टिकले असते का? टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात निदान मराठी शब्दांच्या भाषांतरावर उलटतपासणी झाली, आणि ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला. नाटकांसाठी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता. त्यात प्रांतिक सरकारचे तसे 'मत' झाले की मनाई करता येई. कीचक म्हणजे कर्झन, हे शपथेवर कुणी सांगण्याची गरजच त्या कायद्याने ठेवली नव्हती.