वॉर्म स्प्रिंग्जचे पाणी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, पाइन माउंटन नामक डोंगराच्या पायथ्याशी वॉर्म स्प्रिंग्ज हे एक लहानसे गाव असून तेथील झऱ्याचे पाणी बारमाही सुमारे ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे अंगाला सुखद कोमट लागावे इतपतच उष्ण असते. त्यामुळे दुर्बळ मनुष्यासही त्यात दीर्घकाळ, गारठा वा ग्लानी न येता, राहता येते. १९२१ साली पोलिओने दोन्ही पाय लुळे पडलेले, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट, या पाण्याने एका तरुणास उतार पडल्याची वार्ता ऐकून, १९२४ च्या ऑक्टोबरात येथे येऊन दाखल झाले. त्यांच्या पोहण्याचा वृत्तांत वर्तमानपत्रांत झळकताच ठिकठिकाणचे पोलिओग्रस्त आगगाडीने येऊन थडकू लागले, आणि तेथल्या जुनाट हॉटेलातील धडधाकट पाहुण्यांना त्यांची पंगत नकोशी झाली! रूझवेल्टांनी मात्र या आगंतुकांना स्वतः पाण्यात उतरून व्यायाम शिकविले. १९२६ मध्ये आपल्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा ओतून त्यांनी ती सारी मिळकत खरेदी केली आणि पुढल्याच वर्षी तिचा कारभार एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या हवाली केला.

उपचाराची रीत साधी, पण चिकाटीची. पाण्याच्या पृष्ठभागाखाली किंचित बुडालेल्या फळीवर रोग्यास निजवावयाचे, आणि जो पाय जमिनीवर स्वतःच्याच भाराने तसूभरही हलत नसे, तो पाण्याने तोलून धरला असता त्याच्यातील एकेक स्नायू शिक्षिकेने हाताने चाचपून जागा करावयाचा. कोणत्या स्नायूत किती बळ उरले आहे याचे तक्ते राखले जात. झऱ्याने पोलिओ बरा होई असे मात्र कोणी समजू नये: मृत मज्जापेशी पाण्याने सजीव होत नाहीत, आणि खुद्द रूझवेल्ट अखेरपर्यंत आधारावाचून चालू शकले नाहीत. माझ्या मते येथील खरा इलाज निराळाच होता. घरी दृष्टीआड ठेवली जाणारी माणसे येथे चाकाच्या खुर्च्यांतून उजळ माथ्याने वावरत, थट्टामस्करी करीत, प्रेमातही पडत.

परंतु हे औदार्य वर्णभेदाच्या उंबरठ्याशी अडखळले. स्वयंपाकघरात व सेवेत कृष्णवर्णीय चालत. रोगी म्हणून त्यांना प्रवेश नव्हता. ओरड झाल्यावरही दार उघडले गेले नाहीच. त्यांच्यासाठी अलाबामातील टस्कीगी येथे वेगळे पोलिओ केंद्र काढण्यात आले, तेही १९४१ साली, म्हणजे रूझवेल्टांच्या राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे पुरी होता होता.