सँडविना : बाईच्या ताकदीचा बाजारभाव

आपल्याकडे बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकाला 'सँडो बनियन' म्हणतात. हा सँडो म्हणजे प्रशियात जन्मलेला युजेन सँडो. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करून गेला, आणि आपल्या व्यायामाच्या जुन्या पुस्तकांतून त्याचे नाव पुनःपुन्हा येत राहिले. त्याच्या नावाला स्त्रीलिंगी वळण देऊन जिने आयुष्यभर पोट भरले, ती केटी सँडविना मात्र आपल्या वाचनात कुठे येत नाही. ताकदीच्या इतिहासात बाईला जागा द्यायची नाही, हा रिवाज फक्त आपलाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

तिचे खरे नाव कॅथरिना ब्रुम्बाख. जन्म १८८४ चा, व्हिएन्नाजवळ, तोही सर्कशीच्या गाडीत. आईबाप दोघेही गावोगाव फिरून ताकदीचे खेळ करणारे, मूळ बव्हेरियाकडचे. मोठे खटले, पोरे चालायला लागली की खेळाला लागायची. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या घरात पोरीला दोरावर चढवताना तिला कुणी विचारत नाही, तसाच हा प्रकार. हा शौक नव्हता, कुळातून आलेले पोटापाण्याचे काम होते. फरक इतकाच की आपल्याकडच्या कित्येक फिरस्त्या जमातींच्या कपाळावर १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार' हा शिक्का मारला. तो युरोपातल्या या खेळवाल्यांवर तसा बसला नाही, म्हणून त्यांच्यातल्या काहींना मोठ्या शहरांच्या नाट्यगृहांपर्यंत वाट सापडली.

केटी वयात आली तेव्हा बापाने नवा खेळ काढला. जो पुरुष हिला कुस्तीत चीत करील त्याला शंभर मार्क. ते बक्षीस कुणालाही नेता आले नाही, असे सांगतात. यात धंद्याचे गणित साधे आहे. पोरगी हरली तर शंभर मार्क जाणार आणि जिंकली तर तंबू भरणार. पण हरण्याची जोखीम आणि अंगाला लागणारा मार पोरीचा, गल्ला बापाचा. अशाच एका कुस्तीत माक्स हायमान नावाचा एक कसरतपटू तिच्यासमोर उतरला, आपटला गेला आणि पुढे तिचा नवरा झाला. हा संसार दोघांपैकी एक जाईपर्यंत टिकला. खेळात ती त्याला बंदुकीसारखा उचलून, फिरवून, खांद्यावर घेऊन शिपायांची कवायत करायची. लोक पोट धरून हसायचे.

सँडोची गोष्ट अशी सांगतात : न्यूयॉर्कात तिने खुले आव्हान दिले, प्रत्यक्ष सँडो पुढे आला, तिने तीनशे पौंडांचे वजन डोक्यावर नेले, त्याला ते छातीच्या वर गेले नाही, तेव्हापासून ती सँडविना. गोष्ट फक्कड आहे. पण त्या काळातल्या पुराव्याने तिला दुजोरा मिळत नाही, आणि सँडोच्या पराभवाची बातमी वर्तमानपत्रांनी सोडली असती हे संभवत नाही. आपल्या चळवळीतल्या मित्रांना अशा कथा आवडतात, हे मला वर्गात शिकवताना दिसते. मला वाटते, ती खरी मानण्याची गरज नाही. सर्कशीतल्या माणसाचे चरित्र तो स्वतः लिहीत नाही. ते प्रसिद्धी-खात्याचा कारकून लिहितो, तिकिटे खपावीत म्हणून. पुराव्याने टिकते तेवढे घेतले तरी सँडविना छोटी होत नाही. लोखंडी सळ्या वाकवणे, खांद्यावर तोफ तोलणे, सत्तरेक किलोच्या पुरुषाला एका हाताने डोक्यावर नेणे हे तिने वर्षानुवर्षे, रोजच्या रोज, हजारोंसमोर केले आहे.

१९११ साली ती बार्नम अँड बेली सर्कशीत मधल्या रिंगणात आली. या सर्कशीची मालकी तेव्हा रिंगलिंग बंधूंकडे होती. इथे खरी गोम आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पत्रकार बोलावले, डॉक्टर बोलावले आणि तिच्या देहाची मापे घेतली : दंड किती, पोटरी किती, छाती किती, कंबर किती. उंची तर जाहिरातीगणिक वाढत गेली. पावणेसहा फुटांपासून सहा फूट एक इंचापर्यंत. सँडोचेही माप घेतले जायचे, पण त्याला कुणी विचारले नाही की बाबा, तू स्वयंपाक करतोस का, बायकोचे ऐकतोस का. सँडविनाविषयी लिहिताना वार्ताहरांना तिचे सौंदर्य, तिचे केस, तिचे दोन वर्षांचे मूल आणि तिचे नवऱ्याशी वागणे यांचा आधार घ्यावा लागला. बलवान बाई प्रेक्षकाला पचवायची तर ती देखणी आहे, आई आहे आणि घरात नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही, अशी तिहेरी हमी द्यावी लागत होती. व्यवस्थेने ताकद विकत घेतली, पण तिला माहेर-सासरच्या चौकटीत बसवूनच.

आणि ताकद म्हणजे तरी काय? माझी आई रोजगार हमीच्या कामावर मातीची पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर बांध चढायची-उतरायची. त्या एकूण ओझ्याची बेरीज केली तर कुठल्याही सर्कशीला लाजवील. त्याला 'ताकद' हा शब्द कधी लागला नाही, 'हजेरी' लागली. बाईचा जोर मजुरीत लपतो तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. तिकीट लावले की तोच चमत्कार होतो.

सँडविनाने या चमत्काराचा एक वेगळा उपयोग केला. मार्च १९१२ मध्ये बार्नम अँड बेलीतल्या स्त्रियांनी मताधिकारासाठी आपली संघटना काढली. घोड्यावरच्या कसरती करणारी जोसी डेमॉट रॉबिन्सन तिच्यात पुढे होती. सँडविना उपाध्यक्ष झाली. सर्कशीच्या चालकांना यात जाहिरात दिसली असेल, दिसलीच. पण बाई नाजूक आहे म्हणून तिला मत नको, असे म्हणणाऱ्यांसमोर ही बाई उभी होती, आणि नवऱ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याहून जास्त कमावणाऱ्या तिच्या सोबतिणी होत्या. मताधिकार चळवळीच्या पुढारपणात बहुतांशी शिकल्या-सवरल्या, खात्यापित्या घरच्या स्त्रिया होत्या. तंबूतल्या बायकांचा हा सहभाग त्या इतिहासात तळटीपेपुरता उरला. न्यूयॉर्क राज्यात १९१७ साली व देशभर १९२० साली स्त्रियांना मत मिळाले. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना ते प्रत्यक्षात वापरता यायला १९६५ चा कायदा यावा लागला, हेही त्याच कागदावर लिहून ठेवले पाहिजे.

सँडविनाला मैदानात कुणाशी स्पर्धा करता आली नाही, कारण तिच्यासाठी मैदानच नव्हते. पुरुषांचे वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकात होते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली अमेरिकेत डेटोना बीचला झाली आणि ऑलिंपिकचे दार २००० साली सिडनीत उघडले. त्याच वर्षी आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सँडविनाच्या काळात बाईने वजन उचलायचे तर त्याला एकच जागा होती : तंबू. तिथे नियम नव्हते, पंच नव्हते, नोंदवही नव्हती. म्हणून तिच्या नावावरचे आकडे आज एकमेकांशी जुळत नाहीत.

वय झाले तरी ती खेळत राहिली. थोरला मुलगा टेडी हेवीवेट मुष्टियोद्धा झाला. १९४० च्या दशकात नवरा-बायकोने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, रिजवुड वस्तीत, खाण्यापिण्याचे छोटे दुकान थाटले. गिऱ्हाइकाने आग्रह धरला की साठीकडे झुकलेली ही बाई घोड्याची नाल हाताने वाकवून दाखवायची, आणि कुणी दारू पिऊन दंगा केला तर त्याला उचलून बाहेर ठेवायलाही तीच पुढे व्हायची. २१ जानेवारी १९५२ रोजी कर्करोगाने ती गेली.