दळणकांडण हीच साधना? वारकरी संतांनी रोजच्या कामात देव कसा शोधला

पहाटे पाचचा गजर, वीस मिनिटं ध्यान, मग डायरी, मग कोमट पाणी. इन्स्टाग्रामवर ‘मॉर्निंग रूटीन’चे असे शेकडो रील्स सापडतात. त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे साधनेसाठी कामातून वेगळा वेळ काढायचा. पण ज्यांच्याकडे असा वेळच नाही, त्यांनी काय करायचं?

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. साधारण सातशे वर्षांपूर्वी वारकरी संतांसमोर तो होताच, कारण त्यांच्यातले बहुतेक जण पोटापाण्याच्या कामात अडकलेले होते. नुसती नावं बघितली तरी ते कळतं. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. माणसाचं नाव आणि त्याचा धंदा एकमेकांना चिकटूनच येतात. अध्यात्मासाठी घरदार सोडून हिमालयात जायचं, हा पर्याय या मंडळींनी घेतला नाही. मळा, चाक, ऐरण, आरसा हेच त्यांनी साधनेचं साहित्य केलं.

वारीला न गेलेले वारकरी

सावता माळी हे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या अरण गावचे. पंढरपूर तसं जवळच, तरी ते कधी वारीला गेले नाहीत अशी आख्यायिका आहे. मळा सोडून जायचं तर पिकाला पाणी कोण देणार? मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल दिसतो, असं सांगणारा त्यांचा अभंग महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असतो. या हट्टाला परंपरेने मानही दिला. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, अरणला मात्र सावतोबांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी येते.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. संतमेळ्यात कोण पक्कं आणि कोण कच्चं हे ठरवायचं होतं. गोरोबांनी मडकं ठोकायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर टकटक करत गेले. नामदेव चिडले, म्हणून ते ‘कच्चं मडकं’ ठरले. त्यानंतर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं, असं कथा सांगते. इथे परीक्षा घ्यायला कुणी शास्त्री-पंडित बसलेला नाही. परीक्षक आहे कुंभार, आणि माप आहे त्याच्या रोजच्या हत्याराचं.

याच गोरोबांची दुसरी कथा मात्र वाचवत नाही. भजनात गुंग होऊन चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं, तरी त्यांना कळलं नाही. कथेचा शेवट चमत्काराने गोड होतो, पण त्याआधी त्यांच्या पत्नीचा आकांत आहे, संताप आहे. काम करता करता देवात रमण्याची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाला मोजावी लागू शकते, ही बाब परंपरेने झाकलेली नाही.

जनाबाईंचा देव दळायला बसतो

या सगळ्यांत जनाबाईंचं प्रकरण वेगळं आहे. त्या मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि तिथेच राहिल्या. स्वतःला त्या ‘नामयाची दासी’ म्हणवतात. दासी म्हणजे दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणं, पाणी भरणं. मळा सावता माळ्यांच्या घरचा होता, चाक गोरोबांचं होतं. जनाबाई मात्र दुसऱ्याच्या घरात राबत होत्या.

म्हणूनच बहुधा त्यांच्या अभंगांत कामात देव दिसतो, एवढ्यावर भागत नाही. तिथे देव स्वतः काम करायला येतो. त्यांच्यासोबत दळतो, शेण वेचतो, पाणी भरतो. थकलेल्या, एकट्या बाईला ज्या मदतीची गरज असते, नेमकी ती मदत विठ्ठल करतो. सावतोबांचा विठ्ठल वाफ्यात उभा असतो, जनाबाईंचा विठ्ठल जात्याचा खुंटा धरून समोर बसतो. आणि सोबती म्हटला की भांडण आलंच. वेळप्रसंगी जनाबाई त्याला मनसोक्त शिव्याही घालतात.

लोककथांनी यात भर घातली. एका कथेत कबीर जनाबाईंना भेटायला येतात, तर त्या गोवऱ्यांवरून शेजारणीशी भांडत असतात. कुठल्या गोवऱ्या कुणाच्या हे ओळखायचं कसं? ज्या गोवरीतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू येईल ती जनाबाईंची. कबीर जनाबाईंच्या नंतरच्या काळातले, त्यामुळे इतिहासाचं गणित इथे जुळत नाही. पण संत म्हणून आलेल्या पाहुण्याला ती बाई गोवऱ्यांवरून भांडताना दिसावी, हे लोकांना अजिबात खटकलं नाही, हे महत्त्वाचं. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला आजही जनाबाईंचं जातं दाखवतात.

जातं आणि ओवी: नेमकं काय व्हायचं?

जनाबाई एकट्या नव्हत्या. विजेच्या गिरण्या येईपर्यंत गावोगावच्या बायका पहाटेच्या अंधारात जात्यावर बसायच्या. दोन जड दगडी तळ्या, मधे खुंटी, वरच्या तळीला धरायला खुंटा. एका हाताने फिरवायचं, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने दाणे टाकायचे. या मुठीला वैरण म्हणतात. समोरासमोर दोघी बसल्या तर ओढ वाटली जायची. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. घरातल्या माणसांच्या भाकरीपुरतं पीठ पडेपर्यंत उठायची सोय नाही.

या फिरण्याच्या लयीवर ओवी यायची. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातही महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (१२९०) आधीपासून ओवी बायकांच्या तोंडी होती. ज्ञानेश्वरांच्या ओवीचं मूळ याच गाण्यांत असल्याचं अनेक अभ्यासक मानतात.

सुरुवातीच्या ओव्या बहुतेकदा देवाच्या. कित्येक ओव्यांत खुद्द जात्यालाच ‘ईश्वरा’ म्हणून हाक मारलेली असते. मग गाडी माहेरावर येते. आई, भाऊ, मेलेली बहीण, सासूचे बोल, नवऱ्याचा स्वभाव, वारीची आठवण. रामायणातल्या रामापेक्षा वनवासातली सीता इथे जास्त जवळची असते. विठ्ठल जनाबाईंकडे दळायला जातो म्हणून रुक्मिणी रुसते, हा तर बायकांचा आवडता विषय. जे दिवसा उजेडी घरात बोलता यायचं नाही, ते जात्याच्या घरघरीत बोलता यायचं. ही प्रार्थनाही होती आणि तक्रारही. दोन्ही वेगळं करायची गरज त्या बायकांना पडली नाही.

या ओव्या आज उपलब्ध आहेत, त्याचं मोठं श्रेय हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ या दोन समाजशास्त्रज्ञांना जातं. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात काम करताना १९८० च्या दशकात त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध होत आहेत. त्यात विठ्ठल आहे तसेच डॉ. आंबेडकरही आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या.

मग ‘काम हीच पूजा’ म्हणायचं का?

इथे जरा थांबायला हवं. कारण हे वाक्य कोण म्हणतंय, यावर त्याचा अर्थ बदलतो. सावतोबांनी म्हटलं तर ते स्वातंत्र्य आहे, ‘मला मध्यस्थ नको, मंदिरही नको’ असं सांगणं आहे. तेच मालकाने मजुराला किंवा सासूने सुनेला ऐकवलं, तर ती राबवून घ्यायची सोय होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा करायला सांगितलं आहे, आणि ज्ञानेश्वरीत तो विचार फार सुंदर फुलला आहे. पण त्या काळी ‘स्वकर्म’ जन्माने ठरायचं. कुणाच्या वाट्याला मळा यायचा, कुणाच्या वाट्याला मेलेली गुरं ओढणं.

मंगळवेढ्याच्या चोखोबांचं आयुष्य हेच दाखवतं. ते महार, त्यामुळे विठ्ठलाचं दर्शन देवळाबाहेरूनच. त्यांच्या पत्नी सोयराबाई विटाळ म्हणजे काय, असा प्रश्न अभंगातून विचारतात. मुलगा कर्ममेळा तर थेट देवालाच जाब विचारतो. चोखोबांचा मृत्यूही कामावरच झाला. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली मजुरांसह चोखोबा गाडले गेले, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिरात नाही, महाद्वारासमोर आहे. दलितांना ते मंदिर खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. वारकरी परंपरेने कामाला साधनेचा दर्जा दिला हे खरं, पण देवळाचं दार उघडायला ते पुरलं नाही.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी हीच गोष्ट उलटी केली. दुसऱ्यांवर जन्माने लादलेलं झाडूकाम त्यांनी आपण होऊन हातात घेतलं. गावात आले की आधी खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, दगडाच्या देवासाठी कर्ज का काढता? पोरांना शाळेत का घालत नाही?

गिरणी आली, ओवीचं काय झालं?

पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्यात काहीच चूक नव्हतं. खांदे भरून येणं आणि अर्धवट झोप यांची आठवण कुणालाही हवीहवीशी वाटत नाही. आज ‘जुने दिवस किती छान होते’ म्हणत जात्याचे फोटो शेअर करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पायलीभर ज्वारी दळून पाहिली असेल.

पण जातं अडगळीत गेलं, तसं गाणंही मागे पडलं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण शब्दशः खरी आहे. ओवी पाठ केलेली नसायची. हात फिरायला लागला की ती यायची. भजनाला मात्र नव्या जागा मिळाल्या. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळच्या ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळं आहेत. कामावर जातानाचा तास-दीड तास हाच त्यांचा नेमाचा वेळ. सगळ्याच सहप्रवाशांना ते आवडतं असं नाही, त्यावरून वादही होतात.

जातं आता बाहेर येतं ते मुख्यतः लग्नात, हळद दळायच्या विधीपुरतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवतात, नाती-सुना मोबाइल धरून उभ्या राहतात. पहिल्या दोन ओव्या देवाच्या होतात. तिसरी अडते. मग कुणीतरी म्हणतं, आजीच्या हातात खुंटा द्या आधी.